पाण्याचा माग धरून बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान कसे पाहावे

मुंबईच्या उत्तर भागात, पश्चिमेकडील बोरिवली आणि पूर्वेकडील मुलुंड-ठाणे यांच्या मधोमध, सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे जंगल आजही उभे आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे त्याचे अधिकृत नाव. जुन्या रहिवाशांच्या तोंडी मात्र ते अजूनही बोरिवलीचे नॅशनल पार्कच आहे. सुट्टीच्या दिवशी येथे येणारे बहुतेक लोक सफारीच्या गाडीत बसतात, कान्हेरीची दोन-चार लेणी पाहतात आणि परततात. एवढ्याने सहल होते, पण जंगल पाहून होत नाही. ज्या शहरात हातभर जागेसाठी वर्षानुवर्षे खटले चालतात, त्याच शहरात एवढे मोठे रान कसे टिकले, हा प्रश्न मनात ठेवून आत शिरले, तर प्रत्येक ओढा, प्रत्येक दगडी टाके आणि प्रत्येक टेकडी काही सांगू लागते.

त्या प्रश्नाचे उत्तर मुख्यतः पाण्यात आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंनी येथील खडकात पावसाचे पाणी साठवण्याची सोय केली आणि म्हणून ते येथे शतकानुशतके राहू शकले. एकोणिसाव्या शतकात तहानलेल्या मुंबईसाठी याच टेकड्यांमध्ये दोन तलाव बांधले गेले आणि त्या तलावांचे पाणी स्वच्छ राहावे म्हणून भोवतालचा डोंगरउतार मोकळा ठेवावा लागला. वाघ, बिबट्या किंवा वनश्री यांच्या रक्षणाचा विचार त्यानंतर आला. म्हणून हे उद्यान पाहण्याची सर्वांत सोपी आणि माझ्या मते सर्वांत योग्य रीत म्हणजे पाण्याचा माग धरून चालणे. पुढील मार्गदर्शन त्याच क्रमाने केले आहे.

केव्हा जावे आणि काय सोबत घ्यावे

एकाच भेटीत हे जंगल कळत नाही. किमान दोन भेटी ठरवाव्यात: एक ऐन पावसाळ्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, आणि दुसरी फेब्रुवारी-मार्चमध्ये. हे पानझडीचे जंगल आहे. मान्सूनच्या चार महिन्यांत येथे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. या टोकाच्या फरकाशी प्रत्येक झाडाने आणि प्राण्याने आपापल्या परीने जुळवून घेतले आहे. ही जुळवणूक पाहायची, तर तेच ठिकाण ओले आणि कोरडे असे दोन्ही वेळा पाहिले पाहिजे. पावसाळ्यात हिरवाईने झाकलेला डोंगर फेब्रुवारीत उघडा पडतो. तेव्हा पाणी कोठून उतरते, खडक कसा रचलेला आहे आणि कोणती झाडे ओढ्याला धरून हिरवी राहिली आहेत हे स्पष्ट दिसते. केवळ हिरवळ पाहायला येणाऱ्यांना फेब्रुवारीचे रान उजाड वाटते, परंतु अभ्यासासाठी तोच काळ अधिक उपयोगी आहे.

उद्यान आणि कान्हेरी लेणी दोन्ही सोमवारी बंद असतात. उद्यानाचे प्रवेशशुल्क वन विभाग घेतो आणि लेण्यांचे तिकीट भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून वेगळे घ्यावे लागते. वेळा आणि दर वरचेवर बदलत असल्याने निघण्यापूर्वी ते तपासून घ्यावेत. सकाळी दार उघडताच आत जावे. पहिल्या दोन तासांत पक्षी सर्वाधिक बोलतात आणि रस्त्यावर वर्दळ कमी असते. दुर्बीण, भरपूर पाणी, पूर्ण बाह्यांचे मातकट किंवा हिरव्या रंगाचे कपडे आणि घट्ट पकड असलेले बूट एवढे पुरेसे आहे. लेण्यांच्या अंधारात कोरीवकाम नीट पाहण्यासाठी छोटी विजेरी जवळ असावी. खाण्याचे पदार्थ हातात घेऊन चालू नये. माकडांना कोणीतरी कधीतरी खायला घातल्यामुळेच ती आज माणसांच्या पिशव्या ओढतात, आणि त्या सवयीची किंमत शेवटी माकडांनाच मोजावी लागते.

मुख्य दारापासून कान्हेरीपर्यंत

बोरिवलीच्या दारापासून कान्हेरीपर्यंतचा डांबरी रस्ता सहा-सात किलोमीटरचा आहे. आतल्या बसने तो थोड्या वेळात संपतो. निदान एका बाजूचा प्रवास तरी पायी किंवा सायकलवरून करावा, कारण जंगलाची ओळख होण्यासाठी हा रस्ता उत्तम आहे. रस्त्याच्या सुरुवातीला दहिसर नदीची साथ मिळते. ही नदी उद्यानातच, तुळशी तलावाच्या परिसरात उगम पावते आणि पश्चिमेला जाऊन खाडीला मिळते. जंगलातील तिचे पात्र आणि शहरात शिरल्यानंतरचे पात्र यांत जो फरक आहे, तो पाहून मन खिन्न होते. येथे पाण्याच्या तळाचे दगड दिसतात, आणि काही किलोमीटरवर त्याच पाण्याला भिंतींच्या मधून वाहावे लागते.

रस्त्याने चालताना सर्व झाडे ओळखण्याचा हट्ट धरू नये. पाच-सहा झाडे नीट ओळखली, तरी जंगलाची घडण समजते. सुरुवात ऐनापासून करावी. त्याची करडी साल सुसरीच्या पाठीसारखी चौकोनी तुकड्यांत भेगाळलेली असते, त्यामुळे पाने गळून गेली तरी तो ओळखू येतो. काही ऐनांच्या खोडात कोरड्या दिवसांतही पाणी साठलेले आढळते आणि जंगलात राहणाऱ्या लोकांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. सागाची मोठी खरबरीत पाने, खैराची काटेरी बारीक फांदी, पळसाची तीन पानांची जुळणी आणि मोहाचा डेरेदार घेर या खुणा त्यानंतर लक्षात ठेवाव्यात. ओढ्याच्या काठी मात्र उंबर, करंज, जांभूळ अशी झाडे दिसतात, जी वर्षभर बऱ्यापैकी हिरवी राहतात. डोंगरउतारावरची झाडे पाने गाळून पाणी वाचवतात. ओढ्याकाठच्या झाडांना ती गरज कमी भासते. मार्च महिन्यात एखाद्या वळणावर उभे राहून दरीकडे पाहिले, तर तपकिरी रानातून गेलेली हिरवी रेघ दिसते. ती रेघ म्हणजे ओढा. नकाशा नसतानाही पाण्याची वाट अशी वाचता येते.

फुलांचा क्रमही कोरड्या ऋतूतच सुरू होतो. काटेसावर, पळस आणि पांगारा जानेवारी ते मार्च या काळात पानांशिवाय फुलतात आणि त्यांच्या लाल-केशरी फुलांतील मधासाठी मैना, बुलबुल, सूर्यपक्षी आणि कोतवाल यांची दिवसभर ये-जा असते. फुललेली काटेसावर दिसली की पुढे जाण्याची घाई करू नये; तिच्याखाली शांतपणे थांबले, तर तासभर चालून जितके पक्षी दिसले नसते तितके एका जागी दिसतात. एप्रिल-मेमध्ये बहावा पिवळा होतो. पावसाच्या तोंडावर नवरंग पक्षी येथे वीण घालण्यासाठी येतो आणि त्याची दोन सुरांची शीळ सकाळ-संध्याकाळ ऐकू येते. तो बहुतेक वेळ जमिनीवरच्या पाचोळ्यात चरत असतो, म्हणून शीळ वर ऐकू आली तरी नजर खाली ठेवावी.

हा पाचोळाही एकदा बसून पाहण्यासारखा आहे. वरची कोरडी पाने हळूच बाजूला केली, की खाली अर्धवट कुजलेली, जाळीदार झालेली पाने लागतात, त्याखाली काळसर ओलसर माती आणि त्यात वाळव्या, गोमा आणि बुरशीचे पांढरे धागे. पाहून झाल्यावर पाने पुन्हा होती तशी पसरावीत. या टेकड्या बेसाल्टच्या आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींच्या उद्रेकांतून दख्खनचे जे थर साचले, त्यांच्याच पश्चिम टोकाचा हा भाग. बेसाल्ट टणक असतो, पाणी त्याच्या भेगांमधूनच खाली जिरते आणि त्यावरील मातीचा थर अनेक ठिकाणी फार पातळ आहे. पाचोळा आणि मुळे यांनी ती माती धरून ठेवली नसती, तर मुसळधार पावसाने तिला एका हंगामात खाली ओढून नेले असते आणि तलाव गाळाने भरले असते. तलावासाठी जंगल का हवे, याचे उत्तर या बोटभर थरात आहे.

कान्हेरी: खडकातील जलव्यवस्था

कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास त्यांचे खोदकाम सुरू झाले आणि त्यानंतर सुमारे हजार वर्षे येथे बौद्ध वस्ती टिकून राहिली. प्राचीन लेखांत या डोंगराला कृष्णगिरी म्हटले आहे. सोपारा, कल्याण यांसारखी बंदरे आणि बाजारपेठा जवळ असल्याने व्यापाऱ्यांकडून दाने मिळत आणि ती कोणी कशासाठी दिली याचे तपशील येथील शिलालेखांत कोरलेले आहेत.

बहुतेक प्रवासी तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहापाशी, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनास्थळापाशी, जातात आणि तेथून परततात. चैत्यगृह पाहावेच. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळातील लेख तेथे आहे, ओसरीच्या दोन्ही टोकांना सुमारे सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती आहेत आणि आत स्तूपाभोवती खांबांची रांग आहे. ओसरीच्या भिंतीवरील दात्या जोडप्यांच्या शिल्पांसमोर थोडा वेळ थांबावे. दागिने, वस्त्रांच्या चुण्या आणि पगड्यांची बांधणी इतकी बारकाईने कोरली आहे, की त्या काळच्या वेशभूषेचा अभ्यास त्यावरून करता येतो. त्यानंतर मात्र गर्दी सोडून वर चढावे, कारण कान्हेरीचे खरे वैशिष्ट्य एका लेण्यात नाही, ते साऱ्या डोंगराच्या रचनेत आहे.

लेण्यांवर क्रमांक लिहिलेले आहेत. प्रत्येक लेण्यापाशी पोहोचल्यावर मूर्ती किंवा नक्षी शोधण्यापूर्वी दाराशेजारी खाली पाहावे. बहुतेक ठिकाणी खडकात खोदलेले पाण्याचे टाके दिसेल. अशा टाक्यांना शिलालेखांत पोढी म्हटले आहे आणि पोढी खोदून देणे हे लेणे खोदून देण्याइतकेच पुण्याचे दान मानले जाई. टाक्याचे तोंड लहान आणि पोट मोठे असते. लहान तोंडामुळे उन्हाने पाण्याची वाफ कमी होते, कचरा कमी पडतो आणि आतला गारवा टिकतो. तोंडाच्या कडेवर झाकण बसवण्यासाठी कोरलेली खाच काही ठिकाणी हाताला लागते. आता मान वर करून लेण्याच्या कपाळपट्टीवरचा खडक न्याहाळावा. तेथे बोटभर ते वीतभर खोलीच्या पन्हळी कोरलेल्या दिसतात. माथ्यावरून येणारे पाणी दारावर पडू न देता ते कडेला वळवावे आणि टाक्यात सोडावे, अशी ही योजना आहे. पावसाळ्यात आलो, तर काही पन्हळी आजही काम करताना दिसतात. फेब्रुवारीत आलो, तर अनेक टाक्यांत पाणी शिल्लक असलेले दिसते. दोन भेटींचा आग्रह धरण्यामागे हेही एक कारण आहे. टाक्यात वाकून पाहताना मुलांचा हात धरावा आणि पाण्यात काहीही टाकू नये.

वर चढताना ज्या पायऱ्यांवरून आपण जातो, त्याही भिक्षूंनीच खडकात कोरलेल्या आहेत. वेळ मोजका असेल, तर तीन लेणी चुकवू नयेत. अकराव्या क्रमांकाचे लेणे दरबार म्हणून ओळखले जाते. त्यातील दोन लांब, बुटके दगडी ओटे सभेसाठी किंवा एकत्र भोजनासाठी असावेत. एकेचाळिसाव्या लेण्यात अकरा मस्तकांच्या अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाची मूर्ती आहे, जी भारतातील लेण्यांमध्ये अतिशय दुर्मीळ मानली जाते. नव्वदाव्या लेण्यात पहलवी या प्राचीन इराणी लिपीतील लेख आहेत. अकराव्या शतकाच्या आरंभी येथे आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे तेथे कोरून ठेवली. याशिवाय सत्त्याऐंशीव्या क्रमांकापाशी विटांच्या छोट्या स्तूपांचे अवशेष आहेत. दिवंगत आचार्यांच्या स्मरणार्थ ते उभारले गेले होते, म्हणून त्या भागात मोठ्याने बोलणे टाळलेलेच बरे.

विहार आणि तुळशी

कान्हेरीची वस्ती विरून गेल्यानंतर अनेक शतकांनी या डोंगरांचे पाणी पुन्हा महत्त्वाचे ठरले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई बेट विहिरी आणि छोट्या तळ्यांवर अवलंबून होते. लोकसंख्या वाढत गेली, पाऊस कमी झाला की विहिरी आटू लागल्या, आणि १८५४ च्या सुमारास टंचाई इतकी तीव्र झाली, की शहराबाहेरून नळाने पाणी आणण्याची योजना हाती घ्यावी लागली. हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याच्या आराखड्यानुसार १८५६ मध्ये मिठी नदीच्या खोऱ्यात विहार तलावाचे काम सुरू झाले आणि १८६० मध्ये त्याचे पाणी शहराला मिळू लागले. तेही पुरेना, म्हणून वरच्या बाजूला तुळशी तलाव बांधण्यात आला आणि १८७९ मध्ये तो पूर्ण झाला.

आज मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी हे दोनच तलाव शहराच्या हद्दीत आहेत. विहारची साठवण सुमारे २,७७० कोटी लिटर आणि तुळशीची सुमारे ८०५ कोटी लिटर आहे. सातही तलावांच्या एकत्रित साठ्याशी तुलना केली, तर हे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास भरते. हा आकडा ऐकून कोणी या तलावांना किरकोळ समजेल, परंतु जंगलाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व साठ्यावर ठरत नाही. पिण्याच्या पाण्याचे पाणलोट क्षेत्र म्हणून या खोऱ्यांत शेती, वस्ती आणि कारखाने यांना मज्जाव झाला, आणि मुंबई उत्तरेकडे सरकू लागली तेव्हा तिच्या वाटेत एक असा प्रदेश उभा राहिला, जो विकता येत नव्हता.

दोन्ही तलावांच्या काठावर सामान्य प्रवाशाला जाता येत नाही आणि जाण्याचा प्रयत्नही करू नये. ते पिण्याचे पाणी आहे, शिवाय त्यात मगरी आहेत. दुरून जेवढे दिसेल तेवढ्यावर समाधान मानावे. तलाव ‘पाहिला’ असे म्हणण्यासाठी काठावर उभे राहण्याची गरज नाही. ओढ्यांचा उतार कोणत्या दिशेला वळतो हे लक्षात घेत चालले, की आपण कोणत्या खोऱ्यात आहोत हे कळते. उद्यानातील सर्वांत उंच जागा जांभूळमाळ, तिची उंची साडेचारशे मीटरहून थोडी अधिक आहे. या उंचवट्यांवर पडलेला पाऊस दहिसर, पोईसर आणि मिठी अशा वेगवेगळ्या नद्यांमध्ये वाटला जातो. या तिन्ही नद्यांची नावे मुंबईकर फक्त पूर आला की घेतात. त्यांचे उगम पाहिलेले लोक फार थोडे आहेत.

संरक्षणाचा इतिहास कसा समजून घ्यावा

उद्यानाची कायदेशीर घडण एका दिवसात झालेली नाही. स्वातंत्र्याच्या आसपास वीसएक चौरस किलोमीटरचे कृष्णगिरी उद्यान होते. पुढे भोवतालची राखीव वने आणि तलावांचे पाणलोट त्याला जोडले गेले. १९७४ पासून ते बोरिवली राष्ट्रीय उद्यान झाले, १९८१ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले आणि १९९६ मध्ये ठाण्याच्या बाजूचे वनक्षेत्र जोडून त्याचा विस्तार आजच्या आकाराला पोहोचला. कागदावर संरक्षण मिळाल्याने जमीन सुरक्षित होते असे मात्र नाही. उद्यानाच्या कडांवर हजारो झोपड्या उभ्या राहिल्या. १९९५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि १९९७ मध्ये न्यायालयाने अतिक्रमणे हटवण्याचा व पात्र कुटुंबांचे अन्यत्र पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. त्या कारवाईत गरिबांची घरे गेली हे खरे आहे, आणि ती झाली नसती तर जंगलाचा मोठा भाग आज नसता हेही खरे आहे. या इतिहासाकडे पाहताना दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवाव्या लागतात.

येथे आणखी एक भेद करणे आवश्यक आहे. नवापाडा, चिंचपाडा, तुमणीपाडा असे वारली, महादेव कोळी आणि कोकणा समाजांचे पाडे उद्यान जाहीर होण्याच्या कितीतरी आधीपासून या जंगलात आहेत. त्यांना अतिक्रमण समजणे अन्यायाचे आहे. रानभाजी केव्हा उगवते, कोणत्या झऱ्याला मे महिन्यात पाणी असते, ऐनाच्या कोणत्या खोडात पाणी सापडते, हे ज्ञान त्यांच्याकडे आहे. त्यांच्या पाड्यांजवळ शेंदूर लावलेले वाघोबाचे स्थान दिसले, तर पायताण दूर काढून नमस्कार करावा आणि विचारल्याशिवाय छायाचित्र घेऊ नये. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला या देवाची पूजा होते. बिबट्या हा शेजारी आहे, त्याचा मान ठेवला तर तो वाट सोडतो, ही समजूत या पूजेमागे आहे आणि गेल्या काही वर्षांत वन्यजीव अभ्यासकही वेगळ्या मार्गाने त्याच निष्कर्षापाशी आले आहेत.

बिबट्याच्या प्रदेशात कसे वागावे

२००२ ते २००४ या काळात उद्यानाच्या परिसरात बिबट्यांचे माणसांवरील हल्ले वाढले आणि अनेकांचे प्राण गेले. त्यावेळी दिसेल तो बिबट्या पकडून दुसरीकडे सोडण्याची पद्धत रूढ होती, आणि बाहेर पकडलेले काही बिबटे या उद्यानातही सोडले जात होते. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या जुन्नर भागातील अभ्यासातून असे दिसले, की अनोळखी प्रदेशात सोडलेला बिबट्या बिथरतो आणि त्यामुळे संघर्ष घटण्याऐवजी वाढतो. ही पद्धत थांबवण्यात आली, आणि २०११ पासून वन विभाग, अभ्यासक व नागरिक यांनी एकत्र येऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (एसजीएनपी म्हणजे हेच उद्यान) या उपक्रमातून लोकांना माहिती देण्याचे काम सुरू केले. २०१५ मध्ये उद्यान आणि लगतच्या परिसरात कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोर येताच आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे, लावून केलेल्या गणनेत ३५ बिबटे नोंदवले गेले. एवढ्या दाट लोकवस्तीला लागून एवढे बिबटे राहतात आणि बहुतेक रात्री काहीही घडत नाही, ही गोष्ट मला या उद्यानातील सर्वांत विलक्षण वाटते.

वागण्याचे नियम साधे आहेत. सूर्यास्तापूर्वी बाहेर पडावे. ठरलेल्या वाटेवरूनच चालावे आणि लहान मुलांना मध्ये ठेवावे. झुडपांच्या आड खाली बसू नये, कारण बसलेला माणूस बिबट्याला लहान प्राणी वाटू शकतो. बिबट्या दिसलाच, तर पळू नये, त्याचा पाठलाग करू नये, भोवती गर्दी करू नये. त्याला निघून जाण्यासाठी वाट मोकळी ठेवून सावकाश मागे सरावे. कचरा कधीही मागे सोडू नये, कारण कचऱ्यामागे भटकी कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. एका दिवसाच्या भेटीत बिबट्या दिसण्याची अपेक्षाच धरू नये. त्याच्या खुणा शोधाव्यात: ओल्या मातीत उमटलेला, नखांचे ठसे नसलेला गोल पंजा, झाडाच्या बुंध्यावरील ओरखडे आणि वानरांचा एकाएकी उठणारा खर्जातील इशारा.

कारवी आणि उत्तरेकडचा नागला

पावसाळी भेटीत डोंगरउतारावर दाटीने वाढलेली, मोठ्या खरबरीत पानांची कारवी ओळखून ठेवावी. तिच्या काठ्या विणून आणि वरून शेणमातीचा लेप देऊन पाड्यांवरील घरांच्या भिंती केल्या जात आल्या आहेत. कारवी दर आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि आसपासची सगळी झुडपे एकाच वर्षी फुलतात. २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये येथील उतार ऑगस्टपासून जांभळे झाले होते. या हिशेबाने पुढील बहर २०३२ मध्ये यावा. बहराच्या वर्षी फुलोऱ्याला हात लावून पाहावा. तो चिकट असतो आणि त्याचा उग्र वास बोटांवर बराच वेळ राहतो. एकदा फुलून फळे धरली, की झुडूप वाळून मरते, पण त्याची बोंडे पुढच्या कोरड्या दिवसांपर्यंत काड्यांवर तशीच राहतात. नंतर ती तडतडून फुटतात, बिया दूर उडतात आणि पावसात नवी रोपे उगवतात. फुलांच्या वर्षी गर्दी करणाऱ्यांपैकी फार थोडे लोक पुढच्या वर्षी ही बोंडे फुटण्याचा आवाज ऐकायला जातात. तो ऐकण्यासाठी वाट सोडून उतारावर चढू नये. कारवीची मुळे माती धरून असतात आणि माणसांच्या पायांनी तयार झालेल्या घसरड्या पायवाटा पुढच्या पावसात ओघळ होतात.

ज्यांनी दक्षिण भाग नीट पाहिला आहे, त्यांनी वन विभागाची परवानगी आणि मार्गदर्शक घेऊन वसईच्या खाडीपलीकडील नागला भागात जावे. येथे डोंगरावरील पानझडी वन थेट खारफुटीपर्यंत उतरते. भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून ओहोटीच्या सुमारास पोहोचल्यास चिखलावर उड्या मारणारे निवटी मासे आणि रंगीत नांगीचे खेकडे दिसतात. एका राष्ट्रीय उद्यानात डोंगरमाथा, गोड्या पाण्याचे तलाव आणि खारे पाणी अशा तिन्ही गोष्टी असणे ही दुर्मीळ बाब आहे.

नागला भागाचे आणखी एक महत्त्व आहे. त्याच्या उत्तरेला तुंगारेश्वर अभयारण्य आहे आणि प्राण्यांच्या जाण्या-येण्यासाठी हीच दिशा उरलेली आहे. २००९ मध्ये माळशेज घाटात सोडलेल्या, गळ्यात पट्टा बसवलेल्या आजोबा नावाच्या बिबट्याने सुमारे सव्वाशे किलोमीटर अंतर कापून, वसईची खाडी ओलांडून या उद्यानाच्या परिसरात प्रवेश केला होता. २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. त्यामुळे नागल्याला जाताना या महामार्गावरून वाहन हाकावे लागले, तर सायंकाळनंतर वेग कमी ठेवावा, जंगलालगतच्या पट्ट्यात हॉर्न आणि प्रखर दिवे टाळावेत, आणि रस्त्यावर जखमी प्राणी दिसल्यास त्याला हात न लावता सुरक्षित अंतरावर गाडी उभी करून वन विभागाला जागेचा नेमका तपशील कळवावा.